रस्त्यातला खड्डा, बाबांचं मोडलेलं हाड आणि भरपाईचा हक्क

पत्र:

नमस्कार. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शहरात, जुन्या पेठेत आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. बाबा ६७ वर्षांचे, शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीतच मशीन आहे. शेजारचे काका जुनं घर पाडून नवीन बांधताहेत. ठेकेदाराच्या माणसांनी नळाच्या नव्या जोडणीसाठी दोन्ही घरांसमोरच्या बोळात कमरेइतका खोल खड्डा खणला आणि आठवडाभर तसाच उघडा ठेवला. शेजारी खडीचा ढीग. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी पाऊस होता, वीज गेली होती. बाबा दूध घेऊन येताना खड्ड्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे जखम चिघळली आणि पुन्हा दाखल करावं लागलं. आतापर्यंत २,८०,००० रुपये खर्च झाले. त्यातले दीड लाख माझ्या विम्यातून मिळाले. बाबा अजून वॉकरवर आहेत, पायमशीन बंद आहे.

काका म्हणतात, "काम ठेक्याने दिलंय, ठेकेदाराला विचारा." ठेकेदार म्हणतो, "पट्टी बांधली होती, वाऱ्यापावसात गेली. त्यांना मोतीबिंदू आहे, अंधारात बाहेर पडलेच कशाला?" नगरपालिका म्हणते, खड्डा आम्ही खणलेला नाही. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. आता ठेकेदार २५,००० द्यायला तयार आहे, पण स्टॅम्पपेपरवर 'आमची काहीही तक्रार नाही' असं लिहून मागतोय. भावाचा साखरपुडा पुढे ढकलावा लागला, कार्यालयाची अनामत बुडाली, माझी बिनपगारी रजा झाली. आई म्हणते, नशिबाचा भाग होता, शेजाऱ्याशी वैर नको. बाबा काहीच बोलत नाहीत. कुणी मुद्दाम केलं नाही हे मलाही कळतं. मग आम्हाला काही मागण्याचा हक्क आहे का? आणि मागायचं कुणाकडे?

उत्तर:

सर्वांत आधी एक काम. त्या स्टॅम्पपेपरवर कुणीही सही करू नका. बाबांनी नाही, आईने नाही, तुम्हीही नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं खरं नुकसान दोन महिन्यांत कळत नसतं. पाय किती लांब राहतो, आखूड होतो का, जिना चढता येतो का, मांडी घालता येते का, हे कळायला सहा महिने ते वर्ष जातं. आज 'काहीही तक्रार नाही' असं लिहून दिलंत, तर पुढे वाढलेल्या खर्चाचं दार तुम्हीच आतून लावून घ्याल. पैशांची तातडी असेल तर ते २५,००० जरूर घ्या, पण पावतीवर लिहा : 'औषधोपचाराच्या खर्चापोटी आंशिक रक्कम, बाकीचे सर्व हक्क राखून.' अशा पावतीवर ठेकेदार पैसे द्यायला तयार नसेल, तर ते पैसे मदतीचे नव्हते, तुमच्या हक्काची किंमत होती, असं समजा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कुणी मुद्दाम केलं नाही, मग मागायचं कशाच्या जोरावर?

आपल्याकडे बहुतेकांच्या मनात दोनच खाने असतात. मुद्दाम केलं तर गुन्हा, मुद्दाम नाही केलं तर नशीब. या दोघांच्या मधे कायद्याचं एक मोठं क्षेत्र आहे आणि तुमच्या बाबांचा प्रसंग नेमका तिथे बसतो. त्याला अपकृत्याचा कायदा म्हणतात. कोर्टात सगळे टॉर्टच म्हणतात. या कायद्याला हेतूशी फारसं देणंघेणं नाही. तो विचारतो : तुझ्या वागण्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ शकते हे तुला समजायला हवं होतं का? ती टाळण्यासाठी साधी, वाजवी काळजी तू घेतलीस का? घेतली नसशील, आणि त्यामुळेच इजा झाली असेल, तर तिचा खर्च जखमी माणसाने का सोसावा? तो तू सोस. यात शिक्षा नाही, सूड नाही, 'वाईट माणूस' असा शिक्काही नाही. खर्च एका खिशातून दुसऱ्या, योग्य खिशात जातो, इतकंच.

हा कायदा भारतात एखाद्या पुस्तकात कलमवार लिहिलेला नाही. मोटार अपघातांसाठी १९८८चा मोटार वाहन कायदा आहे, ग्राहकांसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे; पण उघड्या खड्ड्यात पडलेल्या शिंप्यासाठी वेगळा कायदा नाही. ब्रिटिश अमदानीतल्या न्यायालयांनी इंग्लंडमधली तत्त्वं इथे लागू केली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी ती इथल्या परिस्थितीला जुळवून घेतली. म्हणून या विषयावर बोलताना वकील लंडनचे निकाल सांगू लागले तर गोंधळून जाऊ नका. सर्वांत प्रसिद्ध निकाल १९३२चा, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा. स्कॉटलंडमधल्या पेझली गावी एका बाईने आल्याच्या पेयाची बाटली प्यायली आणि त्यात कुजलेली गोगलगाय निघाली अशी तिची तक्रार होती. बाटली तिने स्वतः विकत घेतली नव्हती, मैत्रिणीने घेऊन दिली होती. उत्पादकाशी तिचा कसलाही करार नव्हता. तरीही न्यायाधीश लॉर्ड अॅटकिन यांनी म्हटलं की आपल्या कृतीची झळ ज्यांना बसेल हे आपल्याला आधी दिसायला हवं, ते सगळे कायद्याच्या दृष्टीने आपले शेजारी, आणि त्यांच्याबाबत वाजवी काळजी घेणं आपलं कर्तव्य. तुमचे काका तर खरोखरच शेजारी आहेत. त्यांच्या दारासमोरून रोज कोण ये-जा करतं, त्यात म्हातारी माणसं किती, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती.

ठेकेदाराचं जे उत्तर तुम्हाला सर्वांत जास्त लागलं असेल, त्याच्याकडे येते. "मोतीबिंदू आहे, बाहेर पडलेच कशाला?" तुमच्या बाबांसाठीच जणू दिला असावा असा एक निकाल आहे. लंडनमध्ये वीज मंडळाच्या कामगारांनी फुटपाथवर चर खणला होता आणि लोकांना इशारा म्हणून एक लांब दांड्याचं अवजार तिरपं टाकून ठेवलं होतं. डोळस माणसाला ते पुरेसं होतं. पण रोज पांढरी काठी घेऊन एकट्याने कामावर जाणारा एक अंध माणूस त्याला अडखळून पडला आणि त्या पडण्याने त्याची श्रवणशक्तीही गेली. खालच्या न्यायालयांनी मंडळाच्या बाजूने निकाल दिला. १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : शहरात अंध माणसं रस्त्याने चालतात ही काही नवलाची गोष्ट नाही, रस्ता खणणाऱ्याने ती गृहीत धरूनच काळजी घ्यायची. सार्वजनिक रस्ता फक्त तरुण, धडधाकट आणि उत्तम नजरेच्या लोकांसाठी नसतो. तुमच्या बोळातही नाही. बाबांच्या मोतीबिंदूने ठेकेदाराची जबाबदारी हलकी होत नाही. अशी माणसं त्या बोळात राहतात, म्हणूनच तिथे फळ्या आणि दिवा हवा होता.

"पट्टी वाऱ्यापावसात गेली" हा दुसरा बचाव. याला कायद्यात देवाची करणी म्हणतात, आणि तो मान्य होण्यासाठी घटना इतकी अपवादात्मक लागते की कुणाही समंजस माणसाला तिची कल्पना येऊ नये. सातारा जिल्ह्यात पावसाळ्यात पाऊस पडणं आणि वारा सुटणं याला देवाची करणी म्हणता येणार नाही. वीज जाणंही नाही. प्लास्टिकची पट्टी उडेल हे ठेकेदाराला धंद्याच्या अनुभवातून ठाऊक असतं. दोन लाकडी फळ्या, चार विटा आणि रात्री एक कंदील किंवा रिफ्लेक्टर, याला किती खर्च आला असता? न्यायाधीश हाच हिशेब मांडतात : धोका किती मोठा होता, तो टाळायला किती कमी लागलं असतं.

मात्र एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. रस्त्यावर घडलेल्या प्रत्येक दुर्घटनेला कुणीतरी जबाबदार धरता येतं असं नाही. राजकोटमध्ये १९७५ साली कामावर चाललेल्या एका माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड कोसळलं आणि तो गेला. विधवेने महापालिकेवर दावा लावला. खाली ती जिंकली, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. ते झाड पडेल याची आधी कल्पना येण्यासारखं काही नव्हतं, असं धरलं. मला तो निकाल कठोर वाटतो. पण त्याच्या उलट बाजूला दिल्लीचा निकाल आहे. चांदनी चौकात टाउन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं मेली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, आणि तशा बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार ठरवलं. रस्त्यालगत अशी इमारत आपोआप पडते तेव्हा ती घटनाच निष्काळजीपणाची साक्ष देते, असं म्हटलं. बाबांचं प्रकरण झाडाच्या नव्हे, मनोऱ्याच्या बाजूचं आहे. खड्डा निसर्गाने पाडला नव्हता. माणसांनी खणला होता आणि तो आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

बाबांचा स्वतःचा काही दोष निघेल का? निघू शकतो, आणि त्याची तयारी ठेवा. खड्डा तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं; समोरचा वकील विचारेल, मग बॅटरी का नेली नाही? न्यायाधीशांना हा मुद्दा पटला तर ते भरपाईतून काही टक्के वजा करतील. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. पण वजावट वेगळी आणि हक्क बुडणं वेगळं. घरी जायला दुसरी वाट होती का, खडीच्या ढिगामुळे खड्ड्याच्या कडेनेच जावं लागत होतं का, हे इथे फार महत्त्वाचं. तुमच्या पत्रात ढिगाचा उल्लेख ओझरता आहे. वकिलांना तो सविस्तर सांगा.

आणि मधुमेह? ठेकेदाराने अजून हा मुद्दा काढलेला नाही, पण काढेल : "जखम चिघळली ती त्यांच्या साखरेमुळे." त्यावर कायद्याचं उत्तर जुनं आणि माणुसकीचं आहे. ज्याला इजा केली तो माणूस जसा होता तसा तुम्हाला स्वीकारावा लागतो. इंग्लंडमध्ये एका कामगाराच्या ओठावर वितळलेल्या धातूचा थेंब उडाला, साधा चटका बसला. त्याच्या शरीरात आधीपासून असलेल्या प्रवृत्तीमुळे तिथे कर्करोग झाला आणि तो गेला. १९६१ मध्ये न्यायालयाने मालकाला मृत्यूसाठी जबाबदार धरलं. बाबा निरोगी असते तर बिल कमी झालं असतं हे खरं असेल, पण खड्डा नसता तर बिलच झालं नसतं. दुसऱ्यांदा दाखल केल्याचा खर्चही मागा.

आता, मागायचं कुणाकडे.

ठेकेदाराकडे तर आहेच. काम त्याच्या ताब्यात होतं, मजूर त्याचे होते, आणि नोकराने काम करताना केलेल्या हयगयीला मालक जबाबदार असतो हे पक्कं तत्त्व आहे. त्यामुळे "पोरांनी उघडं ठेवलं" असं म्हणून तो सुटत नाही.

काकांचं काय? एरवी स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा जबाबदार नसतो, हा सर्वसाधारण नियम काकांच्या बाजूने आहे. पण त्याला अपवाद आहेत आणि सार्वजनिक रस्त्यावर धोका निर्माण करणारं काम हा त्यातला ठळक. असं काम ठेक्याने दिलं तरी सुरक्षिततेची जबाबदारी ठेक्याने देता येत नाही. शिवाय काका रोज बांधकामावर येत होते, खड्डा पाहत होते. म्हणून दोघांनाही प्रतिवादी करा. एकाहून अधिकांच्या हयगयीने इजा झाली असेल तर जखमी माणूस पूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकतो. आपापसातली वाटणी त्यांनी नंतर पाहावी. मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. "त्याला विचारा, ह्याला विचारा" हा जो चेंडू तुमच्याकडे टोलवला जातोय, तो झेलायची तुम्हाला गरज नाही.

नगरपालिकेने खड्डा खणला नसेल, पण रस्ता तिचा आहे. खणायची परवानगी दिली होती का? दिली असेल तर कोणत्या अटींवर? दिली नसेल तर आठवडाभर तिचा कुणीच माणूस पेठेत फिरकला नाही का? हे माहितीच्या अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यांवरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्याबाबत आदेश देताना मृतांच्या वारसांना ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचं बंधन स्थानिक संस्थांवर घातलं आहे. नळजोडणीसाठी खणलेला खड्डा त्या आदेशात बसतो का, हे तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या, आणि बसत असेल तर तिथेही अर्ज करा.

पण पालिकेच्या बाबतीत घड्याळ फार जोरात चालतं. काका आणि ठेकेदार यांच्यावर दावा लावायला तुम्हाला तीन वर्षं आहेत. नगरपरिषदेवर दावा लावायचा तर कायद्याने एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तुमचे दोन महिने गेलेले आहेत. नोटीस याच महिन्यात गेली पाहिजे. किती तरी चांगले दावे केवळ या सहा महिन्यांपायी बुडतात, कारण घरचे लोक तोवर दवाखान्याच्या फेऱ्यांत असतात. मला याचा मनापासून राग येतो. जखमी माणसाला सर्वांत कमी वेळ आणि चूक करणाऱ्या संस्थेला सर्वांत मोठं संरक्षण, ही रचना बदलायला हवी. ती बदलेपर्यंत मात्र तारीख पाळावीच लागेल.

पोलिसांविषयी थोडक्यात. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि हयगयीने ती करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली दखलपात्र गुन्हा आहे. अदखलपात्र नोंदीवर समाधान मानायचं कारण नाही. पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज पाठवता येतो. पण फौजदारी खटला भरपाईसाठी नसतो. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात मात्र कुणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढं पाहिलं जातं. म्हणून फौजदारीत कुणी सुटलं तरी दिवाणी दावा आपोआप पडत नाही. फौजदारी करावी की नाही हा तुमचा निर्णय. शेजाऱ्याशी संबंध टिकवायचे असतील तर मी तरी ती घाई करणार नाही. मात्र पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत आजच मिळवा.

पुराव्याकडे लगेच लक्ष द्या. खड्डा आता बुजवलेला असणार. त्या दिवसांत बोळाचे फोटो कुणी काढले होते का, हे पेठेत विचारा. पोरांच्या फोनमध्ये असतात. फोटो ज्या फोनने काढला तो फोन जपायला सांगा आणि फोटो एकमेकांना पाठवत बसू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं. बाबांना खड्ड्यातून कुणी बाहेर काढलं, रिक्षात कुणी घातलं, त्यांची नावं लिहून ठेवा. माणसं विसरतात, गाव सोडतात. दवाखान्यातून पूर्ण केस पेपर मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. त्या कागदांत एक ओळ आधी वाचा : दाखल करताना पडण्याचं कारण काय लिहिलंय? गडबडीत कुणीतरी 'घरात पाय घसरून' असं सांगून टाकतं, आणि तीच ओळ दोन वर्षांनी उलटतपासणीत समोर येते. तसं काही लिहिलेलं असेल तर वकिलांपासून लपवू नका. कोणी सांगितलं, का सांगितलं, हे आधीच मांडलं तर त्याला उत्तर असतं.

आता रक्कम. इथे मी जरा थांबते, कारण लोक इथेच स्वतःचं नुकसान करून घेतात. दवाखान्याची बिलं जोडतात, बेरीज करतात आणि तेवढंच मागतात.

बिलं म्हणजे पहिला भाग : ऑपरेशन, औषधं, रिक्षा आणि अँब्युलन्स, वॉकर, फिजिओथेरपी, पुढे लागणारे उपचार. विम्याने दिलेले दीड लाख यातून वजा होतील का? मोटार अपघातांच्या दाव्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून कापायची नाही, कारण ती हप्ते भरून मिळवलेली असते. तुमचा दावा मोटार अपघाताचा नाही, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यामागचा विचार इथेही मांडता येतो. पूर्ण २,८०,००० मागा आणि विम्याची रक्कम दाव्यात उघडपणे नमूद करा.

दुसरा भाग बुडालेल्या कमाईचा. "बाबांकडे पगारपत्रक नाही" असं म्हणून गप्प बसू नका. शिंप्याकडे ते नसतंच. मापांच्या वह्या, गिऱ्हाइकांची साक्ष, कापड दुकानाशी असलेला हिशेब, बँकेतल्या छोट्या छोट्या जमा, यांवरून न्यायालय कमाईचा अंदाज बांधतं. धरू या की महिना १२,००० होती. मग कायमच्या अपंगत्वाचा प्रश्न येतो. सरकारी रुग्णालयाने उद्या ३० टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलं, तर कमाईचं नुकसानही ३० टक्के असं गणित समोरची बाजू मांडेल. वर्षाचे १,४४,०००, त्याचे ३० टक्के ४३,२००. मोटार अपघातांत ६५ वर्षांपुढच्या माणसासाठी ५ हा गुणक वापरतात, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला पाचाने गुणतात. तोच इथे धरला तर २,१६,०००. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एक फार मोलाची गोष्ट सांगितली : शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व एकच नसतं, त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला हे पाहायचं. खुबा अधू झालेला कारकून टेबलावर बसून काम करू शकतो. पायमशीन चालवणारा शिंपी तेच करू शकेल का? कागदावरचे ३० टक्के बाबांच्या बाबतीत ६० किंवा ७० ठरू शकतात. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना फक्त टक्के लिहायला सांगू नका. 'रुग्णाला पायाने चालवायचं शिलाई मशीन वापरता येणार नाही' असं त्यांचं मत असेल तर ते लेखी घ्या आणि साक्षीला त्यांना बोलवा. समोरून कुणी म्हणेल, मोटार बसवलेलं मशीन घ्या. म्हणू द्या, मग त्या मशीनचा खर्चही मागण्यात घाला.

तिसरा भाग मोजता न येणाऱ्या गोष्टींचा. वेदना, दोन वेळा दाखल होणं, आयुष्यात गमावलेला आनंद. मांडी घालून जेवता न येणं, देवळाच्या पायऱ्या चढता न येणं, हे सगळं न्यायालयात बोललं जातं आणि त्याची रक्कम ठरते. आणि आई. गेले दोन महिने ती रात्री उठून त्यांना नेते-आणते, अंघोळ घालते. तिला कुणी पगार देत नाही म्हणून त्या सेवेला मोल नाही असं कायदा मानत नाही. घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेचं वाजवी मोल जखमी व्यक्तीच्या दाव्यात मागता येतं. हा मुद्दा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बहुतेक दाव्यांत तो विसरला जातो आणि विसरलं जातं ते नेहमी घरातल्या बाईचंच काम असतं.

साखरपुड्याच्या कार्यालयाची अनामत मात्र मिळणार नाही. ती भावाची हानी आहे, बाबांची नाही, आणि खड्डा उघडा ठेवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात ती येण्यासारखी नव्हती. परिणामांची साखळी कायदा कुठेतरी तोडतो. तुमची बिनपगारी रजा सीमारेषेवर आहे. ज्या दिवशी तुम्ही दवाखान्यात सोबत म्हणून राहिलात तेवढे दिवस शुश्रूषेच्या खर्चात दाखवून पाहता येतील.

हे सगळं करताना मी थेट दावा लावायला सांगत नाही. दिवाणी दावे वर्षानुवर्षं चालतात आणि ६७ वर्षांच्या माणसाला ती वर्षं मोलाची आहेत. आधी वकिलांमार्फत तिघांना नोटीस द्या, त्यात हिशेब मांडा. मग तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करा. बाबांचं उत्पन्न मर्यादेत असेल तर वकीलही विनामूल्य मिळतो. तिथे तडजोड झाली आणि लोकअदालतीत नोंदली गेली, की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नसतं. पण बोलणी सुरू आहेत म्हणून पालिकेची तारीख थांबते असं समजू नका.

आईला सांगा, मागणं म्हणजे भांडण नव्हे. काकांकडे स्वतः जा, नोटीस पोचण्याच्या आधी जा आणि सांगा की नोटीस येणार आहे, त्यात तुमचं नाव का आहे. त्यांच्या बांधकामाचा विमा आहे का हेही विचारा. अशा विम्यात त्रयस्थाच्या इजेची जबाबदारी घेतलेली असू शकते आणि मग पैसे त्यांच्या खिशातून जाणारही नाहीत. वैर येतं ते बहुतेक वेळा न बोलता आलेल्या कागदामुळे. आणि समजा काका दुखावलेच, तर तेवढ्यासाठी बाबांनी आयुष्यभराची बचत खर्चून गप्प राहावं, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी असतो, आणि खड्डा झाकणं हाही शेजारधर्मच होता.

शेवटी बाबा. इजा त्यांना झाली आहे, म्हणून हक्क त्यांचा आहे. तुम्ही किंवा आई स्वतःच्या नावाने हा दावा लावू शकत नाही. ते काहीच बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आपल्यामुळे मुलांचा खर्च झाला हे सहन होत नसावं, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. त्यांच्याजवळ बसा आणि हिशेबाचा कागद त्यांच्या हाती द्या. कमाईचा आकडा त्यांनाच सांगू दे, मापांच्या वह्या त्यांनाच काढू दे. वकिलांच्या ऑफिसचा जिना चढणं जमत नसेल तर वकिलांना घरी बोलवा, पण या महिन्याच्या आत बोलवा. वकीलपत्रावर आणि दाव्यावर सही बाबांचीच लागेल.